प्राणहितेच्या अल्याड-पल्याडचा टीव्ही

ऊर्जानगरातल्या कोणत्याही इमारतीच्या गच्चीवर चढून पाहिले, तर फ्री डिशच्या सगळ्या छत्र्या एकाच दिशेला तोंड करून उभ्या दिसतात. ती दिशा आग्नेय. उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटरवर आहे. चंद्रपूरहून त्याच्याकडे पाहायचे तर उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे सुमारे १४३ अंश वळायचे आणि क्षितिजापासून साठ-एकसष्ट अंश मान वर करायची. हेच गणित मी सिरोंच्यासाठी मांडले. तिथेही दिशा १४३ अंशच निघाली. नदीपलीकडच्या, तेलंगणातल्या मंचेरियालसाठी मांडले, तर फरक जेमतेम अंशभराचा.

तीस-पस्तीस वर्षांपूर्वी असे नव्हते. ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा अँटेना ज्या प्रक्षेपकाचे चित्र हवे त्याच्याकडेच रोखावा लागे. अँटेना कुठे वळला आहे यावरून घरातली भाषा ओळखता येई, असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल, पण फार मोठी नाही. टीव्ही ॲनालॉगकडून डिजिटलकडे गेला त्याविषयी आपल्याकडे जे लिहिले गेले, ते बहुतेक चित्राच्या स्वच्छपणाविषयी, वाहिन्यांच्या संख्येविषयी आणि महिन्याच्या बिलाविषयी. राज्याच्या कडेला राहणाऱ्याला, किंवा शेजारच्या राज्याची भाषा घरात बोलणाऱ्याला, या बदलातून काय मिळाले आणि त्याचे काय गेले, हा हिशेब फारसा कोणी मांडलेला नाही. तो मांडायला चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांइतके सोयीचे ठिकाण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

याचे कारण नकाशात आहे. राजुरा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता; भाषावार पुनर्रचनेत तो आधी नांदेडला आणि १९५९ मध्ये चंद्रपूरला जोडला गेला. प्राणहिता आणि गोदावरी यांच्या संगमावरचे सिरोंचा हे इंग्रजी अमदानीत अप्पर गोदावरी जिल्ह्याचे ठाणे होते. तिथून सरळ रेषेत मोजले तर नागपूर सुमारे २७० किलोमीटर, हैदराबाद सुमारे २२५ आणि वरंगळ तर १०५ च्या आसपास. मुंबई साडेसातशेच्या घरात. सिरोंच्यात तेलुगू ही पाहुण्यांची भाषा नव्हे, ती चुलीजवळची भाषा आहे. बल्लारपूरच्या कागद कारखान्यात आणि आसपासच्या कोळसा खाणींत तेलुगू भाषक कामगार पिढ्यान् पिढ्या आहेत. चामोर्शी आणि मुलचेरा भागांत पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांची गावे आहेत. कोरची-कुरखेड्याकडे छत्तीसगढी आहे, आणि या सगळ्यांच्या आधीपासून गोंडी आणि माडिया. जिवती तालुक्यातल्या बारा-चौदा गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगण दोन्ही राज्ये हक्क सांगत आली; तिथल्या अनेकांकडे दोन्हीकडची रेशनकार्डे आणि मतदार ओळखपत्रे आहेत. ऊर्जानगर ही वीज केंद्राची वसाहत १९८३ मध्ये पहिला संच सुरू झाला त्या सुमाराची. नोकरीच्या निमित्ताने इथे सगळा महाराष्ट्र आणि त्याबाहेरचेही लोक आले. वसाहतीच्या एका जिन्यात चार बोलीभाषा ऐकू येणे हे आमच्या लहानपणी नवलाचे नव्हते.

आता लहरीविषयी. टीव्हीच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, आणि पृथ्वी गोल असल्याने एका अंतरानंतर त्या डोक्यावरून निघून जातात. हे अंतर काढायचे ठोकळ सूत्र सोपे आहे. प्रक्षेपकाच्या मनोऱ्याची उंची आणि घरच्या अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्यायची, दोन्हींची वर्गमुळे काढायची, त्यांची बेरीज करून ४.१२ ने गुणायचे. उत्तर किलोमीटरमध्ये येते. मनोरा १०० मीटर आणि अँटेना १० मीटर उंच असेल तर उत्तर सुमारे ५४. मनोरा तिप्पट उंच, म्हणजे ३०० मीटरचा केला, तरी ८४ च्या पुढे जात नाही. चंद्रपूर ते नागपूर हे सरळ अंतर सुमारे १३५ किलोमीटर आहे. म्हणजे नागपूरचे चित्र थेट हवेतून आमच्याकडे येणे भूमितीलाच मान्य नव्हते, मग गच्चीवर कितीही उंच बांबू लावा. वीज आमच्या दाराशी तयार होऊन ७५२ किलोमीटरवरच्या पडघ्यापर्यंत तारेने जाते. चित्राला तशी तार नव्हती.

तरीही कधीकधी चित्र येत असे. हिवाळ्यात रात्री जमीन गार पडते, तिच्यावर गार हवेचा थर साचतो आणि त्याच्या वर उबदार हवा राहते. हवेचा असा उलटा थर लहरीला खाली वाकवतो, आणि जे चित्र डोक्यावरून जायचे ते क्षितिजापलीकडे जाऊन टेकते. अरबी समुद्रावर उन्हाळ्यात असे थर मोठे आणि टिकाऊ बनतात, म्हणून पश्चिम किनाऱ्यावर शेकडो किलोमीटर दूरचे केंद्र लागू शकते. जंगल भागात ते थोड्या वेळासाठी होई. पडद्यावर मुंग्या, मुंग्यांत हलणारी सावली, आणि तिच्यामागे एक आवाज. चित्र ओळखू येण्याच्या आधी आवाज कळायचा, आणि आवाज कळला की भाषा कळायची.

ॲनालॉगचा हा गुणधर्म पुढच्या सगळ्या कथेच्या मुळाशी आहे. ॲनालॉग चित्र हळूहळू बिघडते. लहर क्षीण झाली की आधी रंग जातात, मग मुंग्या येतात, डोंगरावर किंवा एखाद्या मोठ्या बांधकामावर आपटून आलेल्या लहरीमुळे चित्राशेजारी त्याचे भूत उभे राहते. पण काहीतरी दिसत राहते. ज्याला ती भाषा हवी आहे तो तेवढ्यावर भागवतो. डिजिटलमध्ये असे नसते. चित्राचे आकडे केलेले असतात आणि ते आकडे चुकले तर दुरुस्त करण्याची सोयही त्यातच गुंफलेली असते. एका मर्यादेपर्यंत ही दुरुस्ती चित्र अगदी स्वच्छ ठेवते. मर्यादा ओलांडली की चित्राचे चौकोन पडतात आणि लगेच पडदा काळा. कड्यावरून पाय घसरावा तसे. म्हणजे प्रक्षेपणाच्या हद्दीत राहणाऱ्याला डिजिटल हे वरदान आहे, आणि हद्दीच्या जरा बाहेर राहून मुंग्यांसकट पाहणाऱ्याला तो दरवाजा बंद झाल्यासारखा आहे. सीमेवरचा प्रेक्षक बहुधा दुसऱ्या प्रकारचा असतो.

भारतात टीव्ही १५ सप्टेंबर १९५९ ला दिल्लीत सुरू झाला आणि २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबईत पोचला. विदर्भाच्या पूर्व टोकाला तेव्हा त्याचा वारा नव्हता. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून शैक्षणिक टीव्हीचा जो मोठा प्रयोग झाला, तो सहा राज्यांतल्या २४०० गावांत झाला. आंध्र प्रदेश त्यात होता, रायपूरसह मध्य प्रदेश होता, कर्नाटक होता, महाराष्ट्र नव्हता. आमच्या दोन्ही बाजूंच्या राज्यांत जाळीच्या छत्र्या लागल्या आणि मधली जागा कोरी राहिली. त्या प्रयोगातली एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे, आणि तिच्याकडे मी पुढे येणार आहे. एका चित्राबरोबर दोन स्वतंत्र आवाज पाठवण्याची सोय त्यात होती. त्यामुळे एकच चित्र एका राज्यात तेलुगूतून आणि दुसऱ्यात कन्नडमधून ऐकता येई.

१९८२ मध्ये रंग आले, राष्ट्रीय कार्यक्रम आला. १९८३ मध्ये इन्सॅट-१बी आकाशात गेला. आणि १९८४ मध्ये काही महिने दिवसाला एक या वेगाने देशभर छोटी प्रक्षेपण केंद्रे उभी राहिली. ही लघुशक्ती केंद्रे १०० वॉटची, म्हणजे जुन्या काळच्या घरातल्या एका मोठ्या दिव्याइतक्या शक्तीची. त्यांची पोच साधारण पंधरा किलोमीटरच्या आसपास. ती स्वतः काही निर्माण करत नसत. उपग्रहावरून उतरलेले चित्र पुन्हा हवेत सोडायचे, एवढेच त्यांचे काम. म्हणूनच लोक त्यांना रिले केंद्र म्हणत.

इथे सीमेचा प्रश्न पहिल्यांदा उभा राहिला, आणि तो सहसा समजला जातो तसा नव्हता. दोन राज्यांच्या हद्दीवर दोन रिले केंद्रे समजा वीस-पंचवीस किलोमीटरवर आहेत. दोघांची शक्ती सारखी, पोचही सारखी. एकाच्या छत्रीतून मुंबईचे चित्र उतरते, दुसऱ्याच्या छत्रीतून हैदराबादचे. मधल्या गावात दोन्ही थोडी थोडी लागतात. कोणती भाषा कोणत्या मनोऱ्यावरून सोडायची हे राज्य पाहून ठरवलेले. पण मनोऱ्यावरून सुटलेली लहर नदी ओलांडताना कोणाला विचारत नाही. त्या मधल्या पट्ट्यातल्या माणसाला दोन भाषा मिळाल्या त्या कोणाच्या धोरणामुळे नव्हे. लहर सांडली आणि त्याच्या अंगणात पडली, इतकेच. शिवाय सुरुवातीची काही वर्षे बहुतेक रिले केंद्रांवर दिल्लीचाच कार्यक्रम असे. चंद्रपूरसारख्या ठिकाणी मराठी माणसालाही आपली भाषा दिवसातून थोडा वेळच मिळायची. ज्याला ‘डीडी-१०’ आणि पुढे ‘सह्याद्री’ म्हणून आपण ओळखतो, ती मराठीची पूर्णवेळ वाहिनी उपग्रहावर आली ऑगस्ट १९९४ मध्ये.

तोवर केबलवाला आला होता. त्याच्याविषयी मला जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण सीमेवरच्या भाषांचा सगळ्यात उदार काळ त्याच्या हातून घडला असे माझे मत आहे, आणि त्याचे श्रेय त्याला कोणी देत नाही. १९९१-९२ पासून गावोगाव आठ-दहा-बारा फुटी जाळीच्या छत्र्या दिसू लागल्या. एक खोली, तिला सगळे ‘कंट्रोल रूम’ म्हणत. भिंतीशी मांडणीवर ठेवलेले रिसीव्हर, प्रत्येक वाहिनीसाठी एक मॉड्युलेटर, आणि तिथून खांबाखांबांवरून, झाडाफांद्यांवरून गेलेली काळी तार. ॲनालॉग तारेत साधारण साठ-सत्तर वाहिन्या बसत, त्यातल्याही वरच्या आकड्यांवरच्या धूसर दिसत. जागा मोजकी, म्हणून निवड करावी लागे, आणि निवड करणारा गावातलाच माणूस असे. कोणत्या गल्लीत तेलुगू घरे आहेत, कोणत्या चाळीत बिहारचे ठेकेदारी कामगार राहतात, बंगाली डॉक्टर कुठे बसतात, हे त्याला पाठ. तो दर महिन्याला पैसे गोळा करायला स्वतः दारात जाई, आणि दारात तक्रार ऐकावी लागे. सन टीव्ही १९९३ मध्ये सुरू झाला. तेलुगूत १९९५ मध्ये जेमिनी आणि ई टीव्ही आले. सीमेजवळच्या गावांतल्या केबलवाल्याने छत्री थोडी फिरवून ही नवी वाहिनी तारेत टाकली, त्यासाठी त्याला कोणाची परवानगी लागली नाही. खरे तर मराठीला खासगी वाहिनी मिळाली ती नंतर. अल्फा मराठी १९९९ मध्ये आणि ई टीव्ही मराठी २००० मध्ये. म्हणजे मधली चार वर्षे बल्लारपूरच्या तेलुगू घराला स्वतःच्या भाषेत दोन खासगी वाहिन्या होत्या आणि शेजारच्या मराठी घराला एकही नव्हती. आणि जी ई टीव्ही मराठी आपण घरची म्हणून पाहिली, तिचा कारभार हैदराबादजवळच्या रामोजी फिल्म सिटीतून चाले. सीमा ओलांडण्याचे प्रकार असेही असतात.

कायद्याने या निवडीत एकच खुंटी ठोकली होती. १९९५ चा केबल कायदा आणि त्यातली २००० ची दुरुस्ती यांनुसार केबलवाल्याने दूरदर्शनच्या किमान दोन वाहिन्या आणि राज्याच्या भाषेतली एक वाहिनी चांगल्या जागी दाखवणे बंधनकारक झाले. राज्याच्या भाषेची हमी कायद्याने दिली. शेजारच्या भाषेची सोय केबलवाल्याच्या व्यवहारज्ञानावर राहिली. ती बरीचशी होत होती, एवढे खरे. केबलवाले काही संत नव्हते. तारा तुटायच्या, पावसात तीन दिवस टीव्ही बंद, हप्ता मात्र पूर्ण. कनेक्शनची खरी संख्या ते वाहिन्यांच्या कंपन्यांपासून लपवत, आणि डिजिटलीकरणाचा कायदा येण्यामागे हे मोठे कारण होते.

तो कायदा २०११ च्या अखेरीस आला. चार महानगरांत पहिला टप्पा, मग ३१ मार्च २०१३ पर्यंत नागपूर, पुणे, नाशिक, औरंगाबाद, सोलापूर यांच्यासह ३८ शहरांचा दुसरा. आमच्यासारख्या छोट्या शहरांचा तिसरा टप्पा ३१ डिसेंबर २०१५ ला पुरा व्हायचा होता. ठिकठिकाणच्या उच्च न्यायालयांत अर्ज झाले आणि अखेरची मुदत ३१ जानेवारी २०१७ पर्यंत गेली. ग्रामीण भागाचा चौथा टप्पा ३१ मार्च २०१७ ला संपला. या मुदतीनंतर तारेतून ॲनालॉग चित्र पाठवणे हा गुन्हा ठरला.

तंत्राच्या दृष्टीने यात वाईट काही नाही. ज्या जागेत एक ॲनालॉग वाहिनी मावायची तिथे दहा-बारा डिजिटल वाहिन्या बसतात. साठ-सत्तरची तार काही शे वाहिन्यांची झाली. मग सीमेवरच्या घराची चांदी व्हायला हवी होती. थोडी झालीही. पण निवडीची जागा हलली. चित्र आता मोठ्या शहरातल्या मोठ्या कंपनीच्या केंद्रात एकत्र होते, तिथेच त्याला कुलूप लागते, आणि गावापर्यंत कुलपासकट येते. ते उघडण्याची किल्ली घरातल्या सेट टॉप बॉक्समध्ये असते, आणि कोणती किल्ली कोणत्या वाहिनीला लागेल हे दूरच्या संगणकावर नोंदलेले. गावातला केबलवाला उरला तारा ओढण्यापुरता आणि पैसे गोळा करण्यापुरता. एखाद्या गल्लीसाठी एखादी वाहिनी टाकणे त्याच्या हातात राहिले नाही. कंट्रोल रूमच्या कित्येक खोल्यांत आज मोबाइल रिचार्जची दुकाने आहेत.

भाषा आता पॅकमध्ये आली. महाराष्ट्रातल्या ग्राहकाला पुढे केला जातो तो मराठी-हिंदी पॅक. तेलुगू हवी तर ती वेगळी मागायची, वेगळे पैसे भरून. १ फेब्रुवारी २०१९ पासून दूरसंचार नियामक प्राधिकरणाची नवी दररचना लागू झाली. तेव्हा शंभर वाहिन्यांसाठी १३० रुपये अधिक कर होता, आणि त्यापुढे जी वाहिनी हवी तिची छापील किंमत. तत्त्व म्हणून हे मला पटते. ज्याला जे पाहायचे त्याने त्याचे पैसे द्यावेत. पण सिरोंच्यातल्या तेलुगू घराचा हिशेब यात बसत नाही. त्याला मुलांच्या शाळेसाठी मराठी हवी, आजीसाठी तेलुगू हवी, आणि हिंदी तर सगळीकडेच हवी. एकभाषी घराला एक भाषा विकत घ्यावी लागते, सीमेवरच्या घराला तीन. पूर्वी हे तीन भाषांचे ओझे केबलवाला सगळ्या गावात वाटून टाकत असे. आता प्रत्येक घर ते एकेकटे उचलते. याच दररचनेने सीमेवरच्या प्रेक्षकाला एक लाभही दिला, तो नोंदवायला हवा. दूरदर्शनच्या सक्तीच्या वाहिन्या तेव्हा त्या शंभरांत धरल्या होत्या, आणि त्यांत इतर राज्यांच्या भाषिक वाहिन्याही येतात. त्यामुळे हैदराबादची ‘यादगिरी’ आज चंद्रपूरच्या केबल बॉक्समध्ये फुकट असते. लोक ती फारशी पाहत नाहीत ही गोष्ट वेगळी.

राहिले दूरदर्शनचे स्वतःचे मनोरे. जगात बहुतेक देशांनी ॲनालॉग मनोरा बंद केला तेव्हा त्याच जागी डिजिटल मनोरा सुरू केला. जुना अँटेना तसाच, टीव्हीला एक बॉक्स जोडला की झाले. लक्झेंबर्ग आणि नेदरलँड्स यांनी २००६ मध्ये, अमेरिकेने २००९ मध्ये, ब्रिटनने २०१२ मध्ये हे पुरे केले. आपण मात्र अर्ध्या वाटेवर रस्ता बदलला. फेब्रुवारी २०१६ मध्ये सोळा शहरांत डिजिटल भूप्रक्षेपण सुरू झाले. त्यात मुंबई आणि औरंगाबाद होती, रायपूरही होते, नागपूर नव्हते. पुढे चौदाशेच्या आसपास असलेले जुने ॲनालॉग प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद करत नेले. शेवटचे टप्पे ३१ ऑक्टोबर २०२१, ३१ डिसेंबर २०२१ आणि ३१ मार्च २०२२ चे. सामरिक महत्त्वाच्या ठिकाणचे सुमारे पन्नास तेवढे राखले. बाकी ठिकाणी मनोऱ्याच्या जागी मनोरा आलाच नाही, उत्तर आकाशात शोधले गेले. दूरदर्शनची मोफत उपग्रह सेवा डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने ३३ वाहिन्यांनिशी सुरू झाली होती, तिचीच पुढे फ्री डिश झाली. एकदाच छत्री घ्यायची, मासिक भाडे नाही. देशात आज चार कोटींहून अधिक घरांत ती असावी असा अंदाज आहे, आणि एटापल्ली-भामरागडच्या पाड्यांवर जिथे तार कधी गेलीच नाही, तिथे टीव्ही म्हणजे फ्री डिशच.

उपग्रहाच्या पायाखाली सगळा देश सारखाच येतो. मुंबईला जे दिसते तेच भामरागडला, तेच मंचेरियालला. अंतर उरले नाही, डोंगर उरला नाही, नदी उरली नाही. पावसाळ्यात दाट ढग आले की तेवढ्यापुरते चित्र जाते, कारण इतक्या आखूड लहरी पाण्याच्या थेंबांत शोषल्या जातात. मुसळधार पावसात टीव्ही बंद पडण्याचे कारण हेच, छत्री हलल्याचे नव्हे. मग सीमेवरच्या माणसाची अडचण संपायला हवी. ती का संपत नाही, हे फ्री डिशवरच्या वाहिन्यांची यादी वाचली की कळते. दूरदर्शनच्या भाषिक वाहिन्या तिथे आहेत, सह्याद्री आहे, यादगिरी आहे. खासगी वाहिन्यांसाठीच्या जागा मात्र लिलावाने दिल्या जातात. बोली वाहिनीवाला लावतो आणि पैसे जाहिरातीतून काढतो. जाहिरातदाराला मोठा बाजार हवा, म्हणून सर्वांत चढी बोली हिंदी मनोरंजनाची. मराठीच्या काही वाहिन्या, फक्त मराठी किंवा शेमारू मराठीबाणा यांसारख्या, या सेवेवर आल्या. तेलुगूच्या मोठ्या वाहिन्या आल्या नाहीत. आपल्या राज्यांत त्यांना पैसे देणारा प्रेक्षक केबलवर मिळतोच, त्यांनी फुकट का वाटावे? परिणाम असा की सिरोंच्यातल्या ज्या घराला पॅक परवडतो त्याला तेलुगू मिळते, आणि ज्याला परवडत नाही त्याला आकाशातून मुख्यतः हिंदी मिळते. पूर्वी सीमा मनोऱ्याची उंची ठरवत असे. आता ती लिलावातली बोली आणि रिचार्ज ठरवतो.

हे असेच व्हायला हवे असे काही नाही. आयर्लंड बेटाचे उदाहरण मला म्हणूनच महत्त्वाचे वाटते. बेटाचा उत्तर भाग ब्रिटनमध्ये, बाकीचा स्वतंत्र देश. ॲनालॉगच्या दिवसांत दोन्हीकडच्या लहरी सीमेपलीकडे सांडत; डब्लिनकडे बीबीसी दिसे आणि उत्तरेत आयरिश आरटीई. १९९८ च्या शांतता करारात, ज्यात शस्त्रे, कैदी आणि पोलीस यांचे प्रश्न होते, त्याच करारात आयरिश भाषेची वाहिनी उत्तरेत अधिक ठिकाणी दिसावी असे कलम घातले गेले. पुढे डिजिटल होताना सांडणारी लहर कड्यावरून पडून नाहीशी होणार हे दोन्ही सरकारांनी ओळखले. २०१० मध्ये त्यांनी आपसांत समजुतीचा करार केला. २४ ऑक्टोबर २०१२ या एकाच दिवशी दोन्हीकडचे ॲनालॉग बंद झाले, आणि आयरिश वाहिन्यांसाठी उत्तरेत वेगळा डिजिटल प्रवाह सुरू झाला. जे आधी अपघाताने मिळत होते ते हक्काने मिळू लागले. आपल्याकडच्याही सरकारने सीमेपलीकडून येणारी लहर एकदा गंभीरपणे घेतली आहे, पण ती थोपवण्यासाठी. लाहोरचा टीव्ही १९६४ पासून अमृतसरमध्ये दिसत होता, म्हणून मुंबईनंतर वर्षभरातच, १९७३ मध्ये, अमृतसरला केंद्र दिले गेले. दोन राज्यांच्या हद्दीवरच्या प्रेक्षकासाठी अशी घाई कधी झाली नाही. दोघेही आपलेच, मग भांडण कसले, असा विचार असावा.

आतापर्यंत तेलुगू आणि मराठी यांच्याविषयी लिहिले. या दोघींना निदान स्वतःची राज्ये आहेत, वाहिन्या आहेत. प्रश्न फक्त पोचण्याचा. गोंडीचे तसे नाही. २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे सुमारे २९.८ लाख लोक होते, आणि ते महाराष्ट्र, तेलंगण, छत्तीसगड, मध्य प्रदेश अशा राज्यांत विखुरलेले. प्रत्येक राज्यात ते काठावर, म्हणून कोणत्याच राज्याच्या यादीत त्यांची भाषा मध्यभागी येत नाही. आठव्या अनुसूचीत ती नाही. ॲनालॉग रिले केंद्रांनी तिला जागा दिली नाही, केबलवाल्याकडे टाकण्याजोगी गोंडी वाहिनी नव्हती, आणि काही शे वाहिन्यांच्या डिजिटल बॉक्समध्येही ती नाही. आकाशवाणीने मात्र थोडे केले. आदिलाबाद आणि जगदलपूर या केंद्रांवरून गोंडीतले कार्यक्रम होत आले आहेत. मध्यम लहरींचा रेडिओ जमिनीला धरून दूरवर जातो, रात्री तर अधिकच, आणि राज्याची हद्द मानत नाही. आजची तरुण मुले मोबाइलवर यूट्यूबवरची गोंडी गाणी ऐकतात. तेलंगणात चित्रित झालेले गाणे भामरागडमध्ये वाजते, वर्णन कधी तेलुगू लिपीत, कधी देवनागरीत. गाण्याचे भागले. बातमीचे, पिकाच्या रोगाचे, हिवतापाच्या सूचनेचे, निवडणुकीच्या घोषणेचे भागलेले नाही.

आणि इथे १९७५ च्या त्या प्रयोगातली दोन आवाजांची गोष्ट आठवते. डिजिटल प्रक्षेपणात एका चित्राबरोबर दोनच काय, कितीही आवाज जोडता येतात. रिमोटवरचे आवाजाची भाषा बदलण्याचे बटन त्यासाठीच असते, आणि क्रिकेटच्या सामन्यात आपण ते वापरतो. एका वाहिनीच्या चित्राला सेकंदाला वीस-तीस लाख बिट लागतात, एका आवाजाला लाख-सव्वा लाख पुरतात. सह्याद्रीच्या दहा मिनिटांच्या बातम्यांना गोंडी आवाज जोडायचा, तर उपग्रहावर जी जास्तीची जागा लागेल ती वाहिनीच्या विसाव्या हिश्श्याच्या आसपास. नवा मनोरा नको, नवी वाहिनी नको, लिलाव नको. तोच आवाज यादगिरीवर आणि छत्तीसगडच्या वाहिनीवर जोडला तर तिन्ही राज्यांतला खर्च वाटला जाईल. अडचण यंत्राची नाही. आदिलाबादची गोंडी, गडचिरोलीची आणि बस्तरची यांत फरक आहे. एकाला जे साधे वाटते ते दुसऱ्याला अडते. त्यावरही काम झालेले आहे. २०१४ पासून काही वर्षे वेगवेगळ्या राज्यांतले गोंडी भाषक एकत्र बसले आणि त्यांनी समान शब्दांचा मानक कोश तयार केला. त्यातले शब्द घेऊन रोजची दहा मिनिटे वाचून पाहायची, आणि कुठे अडते ते ऐकणाऱ्यांकडून कळवून घ्यायचे. वाचणारे आदिलाबादला आणि जगदलपूरला रेडिओवर आधीपासून बसलेले आहेत.